कळंब्याच्या बंगल्याची फरशी: लेव्हलिंग क्लिपा मिस्त्रीला परवडतात का?

पार्श्वभूमी

मी कोल्हापुरात घरांची आतली कामं घेतो. फरशी, प्लंबिंग, रंग, किरकोळ तोडफोड. हे प्रकरण मार्च २०२४ मधलं, कळंब्याकडच्या एका बैठ्या बंगल्याचं. ओळख पटेल असे तपशील बदललेत, हिशेबाचे आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

मालक बँकेतून निवृत्त झालेले. साइटवर सगळे त्यांना साहेब म्हणायचे. काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. चालताना तो पाय त्या जेमतेम उचलायच्या, त्यामुळे जुन्या शहाबादी फरशीच्या कडांना वरचेवर ठेच लागायची. फरशी बदलायचं मूळ कारण हेच, हौस नव्हे. ९ एप्रिलला पाडवा होता आणि त्या दिवशी नव्या फरशीवर पाटपूजन व्हायला हवं, एवढीच काकूंची अट होती.

एकूण क्षेत्र १,२४० चौरस फूट. टाईल पीजीव्हीटी, म्हणजे वर छापील चकचकीत थर असलेली व्हिट्रिफाइड, ६०० बाय १२०० मिमी, म्हणजे बाजारभाषेत दोन बाय चार. बॉक्समध्ये दोन नग, एकेक नग चौदा किलोच्या आसपास. ८८ बॉक्स आणून पोर्चमध्ये रचले होते. नक्षी काकूंच्या मुलीने फोनवर पाठवलेली: विटांच्या बांधकामासारखी, प्रत्येक ओळ अर्ध्या टाईलने सरकवलेली. जोड दिसायला नको, पेपर जॉइंट, म्हणजे कागदाएवढीच फट पाहिजे, हा साहेबांचा आग्रह.

फरशी मिस्त्री म्हणजे आमचे मामा. साठीला आलेले, कागल तालुक्यातले, हाताला पक्के. मजुरी ३२ रुपये फूट ठरली. हाताखाली त्यांचा सख्खा भाचा होता. तो मोबाइलवर बघून क्लिपा आणि वेजेसबद्दल, म्हणजे शेजारच्या टाईल एका पातळीत धरणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्यांबद्दल आणि त्यांच्या पाचरींबद्दल, सारखं बोलायचा. मामांचं उत्तर ठरलेलं: "हात थरथराय लागला की घिऊ की क्लिपा. अजून थरथरत न्हाई."

मामा कुठल्या शाळेत शिकले ते इथं सांगायला हवं. त्यांची पहिली पंधरा वर्षं मोझॅक आणि कोट्यावर गेली. त्या कामात टाईल बसवून झाली की घासाईचं मशीन यायचं. दोन टाईलमधला फरक, कोपऱ्याचा उठाव, सगळं दगडाखाली जायचं आणि वर पॉलिश. म्हणजे तेव्हाही लेव्हलिंग यंत्राकडूनच होत होतं, फक्त ते काम झाल्यावर यायचं. पीजीव्हीटीला ही सोय नाही. वरचा छापील चकचकीत थर इतका पातळ असतो की मशीन लावलं तर डिझाइनच उडेल. जी कड वर राहिली ती कायमची वर राहिली.

अडचण

पहिली खोली मागची, पाहुण्यांची. १५६ फूट. मामांनी नेहमीच्या पद्धतीने केली: क्रश सँड आणि सिमेंटचा ओला थर, वर स्लरी (सिमेंटचा पातळ घोळ), वर टाईल, रबरी हातोडी आणि लाइनदोरी. दोन दिवसांत खोली झाली. संध्याकाळी बघितली तेव्हा फरशी आरशासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. "जरा येऊन जा." त्या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. ऊन जमिनीलगत सरपटत आत येत होतं आणि जिथे ओळ अर्ध्यावर सरकली होती तिथे प्रत्येक टाईलच्या मध्यावर एक काळी रेघ दिसत होती. ती सावली होती, वर आलेल्या कडेची. दुपारी त्याच खोलीत काही दिसायचं नाही.

साहेब उकिडवे बसले, पाकिटातून एटीएम कार्ड काढलं आणि खालच्या टाईलवर आडवं ठेवून वरच्या टाईलच्या कडेला भिडवलं. कार्ड कडेशी बरोबर झालं. मग त्यावर दुसरं ठेवलं. काही ठिकाणी दुसरंही बरोबर झालं. बँकेतल्या माणसाचं माप! पण ते मी तेव्हापासून उचललं. कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. बारीक जोडाच्या फरशीत शेजारच्या दोन टाईलमध्ये अमेरिकन मानक ०.८ मिमी फरक चालवून घेतं, टाईलचा स्वतःचा मान्य बाक वेगळा धरून. म्हणजे ढोबळमानाने एक कार्ड पास, दोन कार्डं नापास.

मामांनी टाईल नखाने चाचपली आणि एवढंच म्हणाले, "टाईलच बेंड हाय."

बेंड होतीच. बॉक्समधल्या दोन टाईल तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या तर मध्ये टेकत आणि टोकांना फट पडे. बहुतेक जोड्यांत त्या फटीत दोन कार्डं जात, एखाददुसऱ्या जोडीत तीन. म्हणजे एका टाईलला पाऊण ते सव्वा मिमी पोट. इतका बाक मानकात बसतो, त्यामुळे दुकानदाराकडे भांडायला जागा नव्हती. लांब टाईल भट्टीतून थोडी वाकूनच येते.

खरी चूक नक्षीची होती, आणि ती माझी. अर्ध्याने सरकवलं की एका टाईलचं पोट शेजारच्या दोन टाईलच्या टोकांशी येतं. सगळ्यात उंच जागा सगळ्यात खालच्या जागेला भिडते. पाऊण मिमी बाक असेल तर पाऊण मिमी कड येणारच, मिस्त्री कोणीही असो. रेट ठरवायच्या आधी मी एक बॉक्स फोडून दोन टाईल समोरासमोर धरल्या असत्या तर हे दहा मिनिटांत कळलं असतं.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी पोर्चमध्ये बॉक्सवरच बसून चर्चा झाली. साहेब, मी, मामा, भाचा; काकू दारात खुर्चीवर.

टाईल परत करणं शक्य नव्हतं. फोडलेले बॉक्स कोण घेणार? आणि घेतलेच असते तरी दोन बाय दोन टाईल आणायला काकूंच्या मुलीने मान्यता दिली नसती.

हातानेच पुढे करायचं, पण सरळ जोडात, हा मामांचा पर्याय. ओळी सरकवायच्याच नाहीत, चौकटीसारख्या लावायच्या. पोटाला पोट येतं, टोकाला टोक येतं. मुलीचं म्हणणं होतं की अर्ध्याऐवजी एक तृतीयांशाने सरकवा, इंटरनेटवर तसंच सांगतात. ते सांगतात हे खरं. लांब टाईलला ३३ टक्क्यांपेक्षा जास्त सरकवू नये असा नियम आहे. पण मी वहीवर कमान काढून बघितली. बाक एकसारख्या कमानीचा धरला तर अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आल्याने कड फक्त एक नवमांशाने कमी होते. पाऊण मिमीची साधारण दोन तृतीयांश मिमी. आमच्या टाईलला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मुलीला ती कमान फोटो काढून पाठवली, तासाभराने तिचा अंगठा आला. सरळ जोड ठरला.

भाच्याचा पर्याय: ओल्या थरावरच करा, पण क्लिपा लावून. खर्च किरकोळ, पद्धत मामांच्या सवयीची.

चौथा पर्याय माझ्या मनात होता, पण मी तो नेटाने मांडला नाही: आधी सपाट कोबा, म्हणजे सिमेंटचा पक्का थर, तो पक्का झाल्यावर टाईल चिकटवायचं ॲडेसिव्ह, त्यात क्लिपा. यात फुटाला चौदा-पंधरा रुपये वाढणार होते आणि कोबा मुरवायला आठवडा जाणार होता. पाडव्याच्या तारखेकडे बघून मी गप्प बसलो. भाच्याचा पर्याय सगळ्यांना गोड लागला. मलाही.

काय केलं, आणि काय पाडलं

डायनिंगच्या जागेत २२ टाईल बसवल्या. ओला थर, स्लरी, सरळ जोड, क्लिपा.

क्लिप ज्यांनी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी: प्लास्टिकचा पातळ तळवा टाईलच्या खाली सरकवायचा, त्याची मान जोडातून वर येते. मानेच्या खिडकीत पाचर घालून पक्कडने दाबली की वरून पाचर आणि खालून तळवा, मधल्या दोन्ही टाईल एका पातळीत चिमटल्या जातात. माल सुकला की जोडाच्या दिशेने ठोकर मारायची, मान तुटते, तळवा खाली गाडलेला राहतो. पाचरी पुन्हा वापरता येतात, क्लिपा एकदाच.

भाचा पक्कड दाबायला लागला आणि मामासुद्धा वाकून बघू लागले. शेजारच्या टाईलची कड डोळ्यासमोर अलगद वर येत होती. नख फिरवलं तर अडकत नव्हतं.

दोन दिवसांनी ठोकर मारून क्लिपा काढल्या. पहिल्या दोन भाच्याने बुटाने जोडाला आडव्या मारल्या आणि एका टाईलच्या कडेचा तांदळाएवढा टवका उडाला. नंतर शिकला. वरून फरशी देखणी होती. साहेबांनी कार्ड टेकवलं आणि खूश झाले.

मामा मात्र काठी घेऊन ठोकत निघाले. टक, टक, टक, आणि मग ढब. २२ पैकी ९ टाईल कडेला पोकळ वाजल्या.

कारण उघडं आहे, पण आम्ही आधी विचार केला नव्हता. मामा हाताने बसवतात तेव्हा उंच टाईल ठोकून खाली घेतात. माल दाबला जातो, खाली भरीव राहतं. क्लिप मात्र दोन्हींमध्ये तडजोड करते. उंच टाईल जड, खालचा माल घट्ट झालेला, ती हलत नाही. मग सखल टाईलच वर ओढली जाते. ती वर आली तरी खालचा ओला माल तिच्याबरोबर वर येत नाही. तिथे हवा राहते. शिवाय व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळपास शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे साधी स्लरी तिला धरून वर येईल ही आशाही फोल. भर म्हणजे क्लिप आहे म्हणून हातोडी कमी चालवली गेली.

इथे निर्णयाची दुसरी जागा आली. पोकळ टाईल लगेच काही तुटत नाहीत. साहेबांना ठोकून बघायचं सुचलं नसतं. भाचा म्हणाला, "वरनं तर झ्याक हाय की." मी खरंच पाच मिनिटं विचार केला. पण डायनिंग म्हणजे टेबल-खुर्च्यांचे पाय, आणि कडेला पोकळ असलेल्या टाईलवर खुर्चीचा पाय पडला की कोपरा जातो. वर्षाभरात मलाच बोलावणं आलं असतं. साहेबांना सांगितलं आणि २२ च्या २२ टाईल काढल्या. माल कोवळा होता म्हणून १६ शाबूत निघाल्या, ६ फुटल्या. काढायची मजुरी आणि सहा टाईल माझ्या खात्यात.

मग चौथा पर्याय, जो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. १३ ते १५ मार्च कोबा, लेझरने बुट्टे (पातळी दाखवणारे मालाचे ठिपके) मारून. आठवडाभर पाणी. त्यानंतर दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवली. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट चालणार नाही असं ठरवलं होतं. चार ठिकाणी सापडली, तिथे भरून घेतलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटोही कोणी काढत नाही. पण कोब्यातला खड्डा क्लिपने भरत नाही. क्लिप त्याच्यावर पूल बांधते, आणि पूल पोकळच असतो.

कोबा मुरत होता तेव्हा मामा आणि भाच्याने राहिलेल्या टाईल जोड्या लावून वाटल्या. सपाट, थोड्या वाकलेल्या, जास्त वाकलेल्या. अर्धा दिवस गेला. जास्त वाकलेल्या कापून भिंतीकडेला आणि ओट्याखाली गेल्या. एका ओळीत एकसारख्या बाकाच्या आल्या. माझ्या मते या अर्ध्या दिवसाने जेवढं साधलं तेवढं सगळ्या क्लिपांनी मिळूनही साधलं नाही.

२६ मार्चला बसवायला सुरुवात. पेपर जॉइंटचा हट्ट साहेबांनी सोडला, जोडाची फट सारखी राखणारे २ मिमीचे स्पेसर आणि दीड मिमी मानेच्या क्लिपा. क्लिप म्हणजे स्पेसर नव्हे. नुसत्या क्लिपांवर विसंबलं की दहाव्या टाईलला ओळ तिरकी जाते. दातेरी थापीने ॲडेसिव्ह कोब्यावर एकाच दिशेला ओढायचं, टाईलच्या पाठीवरही पातळ हात मारायचा. पहिल्या दिवशी तिसरी टाईल बसवून मुद्दाम उचलली. पाठ पूर्ण भरलेली होती, एक कोपरा सोडून. तिथे थापी उभी कमी धरली गेली होती, हे मामांनी स्वतः ओळखलं.

मार्चअखेरचं ऊन, दारं-खिडक्यांची भोकं मोकळी, गरम वारा. ॲडेसिव्हवर बघता बघता साय धरायची. बोट टेकवून बघायचं, बोटाला लागलं नाही तर खरवडून फेकायचं. एका वेळी एकाच टाईलपुरतं ओढायचं असा मामांनी नियम केला. टाईलला सरासरी पाच क्लिपा पडत होत्या, कोपऱ्यापासून दोन इंच सोडून पहिली. मानेभोवती वर आलेला माल ओला असतानाच पातीने काढायचा, नाहीतर मान जोडाच्या आत तुटत नाही आणि जोडात भरलेल्या ग्राउटमधून पांढरा ठिपका डोकावतो. पहिल्या दिवशीच्या अठरा मानी भाचा दुसऱ्या दिवशी कटरच्या पात्याने खणत बसला होता.

हिशेब

मिस्त्रीला परवडतं का, याचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

क्लिपा ९०० घेतल्या, डायनिंगच्या वाया गेलेल्या धरून. अडीच रुपये नग, २,२५० रुपये. पाचरी २५०, सहा रुपयांनी १,५००. पक्कड ४५०. पाचरी आणि पक्कड पुढच्या कामांना राहिल्या. म्हणजे या कामावर क्लिपांचा भार फुटाला दोन रुपये. ॲडेसिव्हच्या ४० पिशव्या लागल्या, ३८० रुपयांनी १५,२००. हे फुटाला चौदा रुपये. क्लिपा महाग म्हणणारे मिस्त्री भेटतात तेव्हा मी हे दोन आकडे शेजारी ठेवतो. क्लिप स्वस्तच आहे, ती ज्या पद्धतीत चालते ती पद्धत महाग आहे.

आता मामांच्या बाजूने. ओल्या मालावर ते आणि भाचा दिवसाला १२० फूट करतात. ३२ रुपयांनी ३,८४० रुपये. क्लिपांच्या पद्धतीत पाठ भरणं, साफ करणं, दुसऱ्या दिवशी ठोकरणं धरून १०० फूट झाले. त्याच दराने ३,२०० रुपये. म्हणजे काम चांगलं करून रोज ६४० रुपयांचा फटका. मामांनी हे बोलून दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना फक्त म्हणाले, "भावा, फूट कमी भरायल्यात." मी साहेबांशी बोललो, दर ४० केला. दिवसाचे ४,००० झाले. हे बोलणं कामाच्या मध्ये करावं लागलं ही माझी दुसरी चूक. साहेब सरळ माणूस म्हणून निभावलं. दुसऱ्या कोणी "ठरलं ते ठरलं" म्हटलं असतं तर मामा क्लिपांवर कायमचे चिडले असते, आणि त्यांचं बरोबर असतं.

निकाल

पाडव्याला गुढी उभी राहिली, पाटपूजन हॉलमध्ये झालं. किचनमध्ये ग्राउट भरायचं राहिलं होतं, तिथे जाजम टाकून काकूंनी पुरणपोळ्या केल्या.

ॲडेसिव्हवर बसवलेल्या १,०८४ फुटांत, साधारण १४० टाईलमध्ये, एका कार्डाची कड चार ठिकाणी सापडली, दोन कार्डांची कुठेच नाही. तीन टाईलचे कोपरे पोकळ वाजले. तिन्ही भिंतीकडेच्या कापलेल्या तुकड्यांचे, तिथे क्लिपा लावायला जागाच नव्हती. तसेच ठेवले, साहेबांना दाखवून. टाईल कमी पडल्या म्हणून पाच बॉक्स नंतर आणले, बॅच वेगळी, शेड किंचित पिवळी. त्या स्टोअरमध्ये गेल्या.

पाहुण्यांची खोली उखडली नाही. मामांनी दाराजवळच्या दोन ओळी फुकट बदलून दिल्या, बाकीच्यावर पलंग आणि कपाट आलं. वर्षाने गेलो तेव्हा दोन्ही फरशा ठोकून बघितल्या. हॉल होता तसा होता. पाहुण्यांच्या खोलीतही एकही टाईल पोकळ नव्हती. मामांचा हात तो. कड मात्र अजून सकाळी आठला दिसते. काकू त्या खोलीत चप्पल घालून जातात.

पुन्हा करायचं तर

दुकानातच बॉक्स फोडून टाईल समोरासमोर धरीन, आणि नक्षी त्यानंतर ठरवीन. दर दोन लिहीन, ओल्या मालाचा वेगळा आणि ॲडेसिव्ह-क्लिपांचा वेगळा, क्लिपा मालकाच्या खर्चात नगावर. ठोकून बघणं दुसऱ्या दिवशीच, सगळं झाल्यावर नाही. ओल्या थरात क्लिपा लावणार नाही, कोणी कितीही स्वस्तात मागितलं तरी. आणि फुटाच्या किंवा दोन फुटी टाईलला क्लिपांचा आग्रह धरणार नाही. मामांसारख्या हाताला तिथे त्यांची गरज पडत नाही, उगाच वेळ जातो. नवशिक्याला पडत असेल, पण त्याने आधी हात बसवावा.

एका गोष्टीवर माझं आणि मामांचं अजून जमत नाही. माझ्या मते डायनिंगला क्लिपांचा तळवा मालात रुतून बसल्यानेही पोकळी वाढली असावी. ते म्हणतात, नाही, माल पातळ होता. दोन्ही असेल.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, कुठल्यातरी साइटवरून. मागे कटरचा आवाज. "दीडच्या संपल्यात. दोनच्या क्लिपा चालतील काय?"

"स्पेसर कितीचा टाकलाय?"

"दोनचा."

"मग नको मामा, अडकून बसतील. दुपारपर्यंत दीडच्या पाठवतो."

"पाचरी बादलीत भिजत घाटल्यात," म्हणाले, "तंवर त्याच धुतो."